दवंडी फिरवणारी फाइल

खैरखेडा, ता. राळेगाव
१२ नोव्हेंबर २०२५, सकाळी

अपेक्षास,

काकूचा आशीर्वाद. फोन नाई केला, कारण फोनवर तू नुसतं हं हं करते आन् मंग म्हणते नेट गेलं. मेल लेहला की बसून वाचाच लागते. गटाचा लॅपटॉप माह्याच घरी रायते, आन् एमएससीआयटीच्या टायपिंगात मी अख्ख्या बॅचमंधी पयली आलती, हे तुले माहीतच हाय.

आता ऐक. आमच्या अकरा बायांच्या गटाले तुरीच्या डाळीची मिल मंजूर झाली, हे तुह्या बाबानं सांगतलं असन. मंजूर म्हणजे कागदावर. मशीन येण्याआधी गटानं मीटिंगा घ्याच्या आन् दर मीटिंगले अकरापैकी आठ बाया हजर पाह्यजे, असा प्रकल्पाचा नियम हाय. लागोपाठ तीन मीटिंगा आठ बायांविना गेल्या की मिल यादीतल्या पुढच्या गटाले जाते. ऑक्टोबरात पाच आल्या. काल सहा आल्या. दोन मीटिंगा अशा गेल्या. तिसरी ९ डिसेंबरले हाय.

बाया वाईट नाई. कापसाची वेचणी चालू हाय, सातले वावरात गेलेली बाई तारीख कुठं ध्यानात ठेवन? मी ग्रुपवर तारीख टाकते, त तिच्यावर फुलावाल्या सुप्रभाताचे चाळीस फोटो येऊन पडते. चार बाया तांड्यावरच्या हाय, आमच्या अध्यक्ष सोनीबाई बी तिथल्याच. तांडा दोन किलोमीटर, हाक मारून बलावता येत नाई.

तुहे काका म्हणते, तुमची डाळ काई शिजत नाई. त्या दिवशी मी त्याइले बिनाफोडणीचं वरण वाढलं.

पण मले खरंच झोंबून राह्यलं, पोरी. आपली तूर आपण पोत्यानं इकतो आन् उन्हाळ्यात तेच तूर डाळ होऊन दुकानातल्या पाकिटात घरी येते. बावीस वर्सं मी हे पाहून राह्यली. आता पयल्यांदा आपल्या हातात काई येऊन राह्यलं, आन् ते हजेरीपाई जाईन त मी सोताले माफ नाई करणार.

तू कम्प्युटरची इंजिनिअर. माह्याजवळ सगळ्या मीटिंगा नोटपॅडात लेहून हाय. त्या बायांच्या फोनातल्या कॅलेंडरात जाऊन बसन आन् घंटी वाजन, असं काई होते का? सवड भेटन तवा सांग. ऑफिसचं काम बाजूले ठेवू नको.

तुही काकू,
विमल

०

पुणे
१२ नोव्हेंबर, दुपारी २.४०

काकू,

सवड आहे, काळजी करू नका.

होतं. खरं तर सोपं आहे. कॅलेंडरची म्हणून एक वेगळी फाइल असते. ती व्हॉट्सअ‍ॅपवर आली, तिच्यावर बोट ठेवलं की मीटिंग फोनात जाऊन बसते, तारीख, वेळ, जागा, घंटी सगळं घेऊन. तुमची नोटपॅडची फाइल वाचून अशी फाइल बनवणारा एक छोटा प्रोग्राम मी लिहून देते. पण तुमचं लिखाण ठरलेल्या साच्यात असायला पाहिजे. एकदा "मंगळवारी", एकदा "पुढच्या आठवड्यात" असं असेल तर प्रोग्राम गोंधळतो. तुमची फाइल पाठवा, मी नीट लावून घेईन.

बिनाफोडणीचं वरण वाचून खूप दिवसांनी हसले.

अपेक्षा

०

खैरखेडा
१४ नोव्हेंबर

अपेक्षास,

नीट लावून घेईन म्हणे. जशी काई मी कापसाच्या ढिगावानी फाइल ठेवली. खाली पाय.

दिनांक: 09-12-2025
वेळ: 11:00
जागा: समाजमंदिर, खैरखेडा
विषय: डाळ मिलच्या जागेचा ठराव
कोण: अकराही जणी
सूचना: आधार कार्ड सोबत आणावे

याच्याखाली आडवी रेघ, मंग पुढची मीटिंग. सहा वर्सं झाले, एकशे बारा मीटिंगा, एकाई जागी ओळ मांगंपुढं नाई. दिनांकाच्या आधी वेळ नाई आन् जागेच्या आधी विषय नाई. बाया हासत, म्हणत विमलताई नोटपॅडात बी सडा टाकून रांगोळी काढते. आता सांग, गोंधळते का तुहा प्रोग्राम?

विमल

०

पुणे
१४ नोव्हेंबर, दुपारी १.१५

काकू,

माघार. पाच वर्षं मोठमोठ्या कंपन्यांच्या फाइली पाहिल्या, एकशे बारा नोंदींमध्ये एक चूक नाही अशी पहिल्यांदा पाहिली. प्रोग्राम तासाभरात झाला, कारण मला काही सांभाळून घ्यावंच लागलं नाही. तो लॅपटॉपवर कसा चालवायचा ते सोबत लिहिलं आहे. तुमची फाइल द्यायची, बटण दाबायचं, कॅलेंडर फाइल बाहेर.

मीटिंगच्या एक तास आधी घंटी वाजेल. ९ तारखेआधी एकदा लुटूपुटूची मीटिंग घेऊन बघा.

अपेक्षा

०

खैरखेडा
२२ नोव्हेंबर

अपेक्षास,

परवा अंगणात लुटूपुटूची मीटिंग ठेवलती, सकाळी अकराची. अकरा कप चहा मांडला. एकई बाई नाई. चहा तुह्या काकानं आन् शेजारच्या म्हाताऱ्यानं पेला. मंग साडेचारले, म्या भांडे घासाले घेतले तवा, सहा जणी दारात उभ्या. म्हणते, फोनात साडेचारच दाखवते.

मले वाटलं माहीच चूक. माही फाइल उघडून पायली, अकराच हाय. मंग तुह्या प्रोग्रामातून निंघालेली फाइल मी नोटपॅडात उघडली. उघडते, तुले माहीत हाय का? मी त भ्याली होती की आत काई समजणार नाई. पण ते आपल्या प्रोसिडिंगासारखंच निंघालं. वरती सुरुवात, खाली समाप्ती, मधात वेळ, जागा, विषय. त्यात बी अकराच लेहेलं हाय. म्हणजे माह्याकडून अकरा गेले, तुह्याकडून अकरा निंघाले, आन् फोनात साडेचार झाले. अकरात साडेपाच मिळवले की साडेचार होते. मले एवढंच सांग, हे साडेपाच तास मधात कोणी टाकले?

रागवत नाई. पण ९ तारीख लुटूपुटूची नाई.

विमल

०

पुणे
२४ नोव्हेंबर, सकाळी ११

काकू,

चूक माझी. मी वेळेच्या शेवटी एक खूण टाकली होती, तिचा अर्थ होतो की ही लंडनकडची वेळ आहे. फोनांनी ती इमानदारीनं आपल्या वेळेत फिरवली, साडेपाच तास पुढे. आता तिथे भारताची वेळ असं स्पष्ट लिहिलं आहे. नवा प्रोग्राम सोबत आहे.

शिकाऊ मुलीनं करावी अशी चूक मी केली, आणि तुम्ही ती बोटावर मोजून पकडली. दोन दिवस तोंड दाखवायची लाज वाटली, म्हणून उत्तराला उशीर. एकच विनंती, मला सोडून दुसऱ्या कुणाला विचारू नका. हे काम माझ्याच हातून पूर्ण होऊ द्या.

अपेक्षा

०

खैरखेडा
३० नोव्हेंबर

अपेक्षास,

दुसऱ्या कोणाले कायले विचारू? पण तू अशी काकुळतीले काहून आली, हे मले समजलं नाई. बरं, ते राहू दे.

परवाच्या लुटूपुटूच्या मीटिंगले घंटी बरोबर दहाले वाजली. तुहा प्रोग्राम पास. आल्या तीन जणी.

मी म्हटलं आता बस झालं. काल दिवसभर घरोघर फिरली, तांड्यावर बी गेली, आन् प्रत्येकीले एकच विचारलं, काल दहाले तुहा फोन कुठं होता? सोनीबाईचा फोन तिच्या घरवाल्याच्या, पूनमसिंगच्या खिशात. रंजिताचा तिच्या सासऱ्याजवळ. धनीबाईचा नवऱ्यासोबत राळेगावले. माहा सोताचा तुह्या काकाच्या बंडीच्या खिशात. अकरापैकी आठ फोन दिवसा माणसाइजवळ असते, पोरी. नंबर बाईच्या नावानं, फोन गड्याच्या खिशात. गटाच्या यादीत अकरा नंबर मीच लेहले, अन् मीच हे इसरली. घंटी वाजते, माणूस पायते, कोण्या बायाची मीटिंग म्हणून बंद करते.

रातभर डोक्यात तेच. मंग सकाळी आमचा दवंडी देणारा कोतवाल आठवला. पयले दवंडी येत होती, तवा कोणाच्या नावानं कुठं येत होती? ज्याच्या कानावर पडली त्यानं घरी जाऊन सांगाचं, हा कायदाच होता. न सांगणाऱ्याले लोक नावं ठेवत. मंग आपली घंटी बी दवंडीच करू. सूचनेच्या ओळीत मी आता असं लेहलं:

"सोनीबाईची मीटिंग. सकाळी अकरा, समाजमंदिर. आठ बाया नाई भरल्या त डाळ मिल गावातून जाते. ज्याच्या हाती हे पडन त्यानं बाईले आणून पोचवावं."

अकरा जणींच्या नावानं अकरा वेगळ्या फाइली पाह्यजे. प्रोग्रामाले जमते का?

विमल

०

पुणे
१ डिसेंबर, दुपारी १२

काकू,

जमलं. "कोण" या ओळीत तुम्ही अकरा नावं लिहा, प्रोग्राम एकेकीची वेगळी फाइल काढेल. आणि एक घंटी आदल्या दिवशी रात्री आठला टाकली आहे. त्या वेळी सगळे फोन घरात असतात, जेवताना. मीटिंगच्या एक तास आधीची घंटी मी काढून टाकू का? ती तर वावरात किंवा बाजारात पुरुषांच्याच खिशात वाजणार, तिचा उपयोग नाही.

अपेक्षा

०

खैरखेडा
१ डिसेंबर, संध्याकाळी

काढू नको. दवंडी एकदाच फिरवत नसते.

विमल

०

खैरखेडा
९ डिसेंबर, रात्री

अपेक्षास,

घाईघाईनं लेहून राह्यली, टायपिंगात चुका झाल्या त समजून घे. सगळं पयल्यापासून सांगते, मधात उडी मारून शेवट वाचू नको.

काल आठले घंटी वाजली. तुहे काका जेवत होते, त्याइनं फोन उचलून माह्यासमोरच मले वाचून दाखवलं, "विमलताईची मीटिंग," जशी काई मी दुसरीच कोणी. नऊ वाजेपर्यंत दहा घरचे निरोप आले की येतो म्हणून. मी निवांत झोपली.

सकाळी उठून पायते त आभाळ भरून आलेलं. फुटलेला कापूस झाडावर, आन् पाणी आलं त सगळा काळा पडन. तांड्यावरच्या उत्तमसिंगनं सहालेच तिथल्या बायाइले वेचणीले बलावलं, त्याचं वावर नाल्यापलीकडं. चौघी गेल्या, आपल्या गावच्या दोघी बी गेल्या. मीटिंग ध्यानात होती, दहाले परत येतो म्हणून गेल्या. पण वावरात बाईजवळ घड्याळ नसते आन् त्या आभाळात सूर्य बी नव्हता.

साडेदहाले समाजमंदिरात आम्ही पाच जणी. प्रकल्पाचे धर्मपाल सर हजेरीपत्रक घेऊन बसलेले. चांगला माणूस हाय, पण त्यानं साफ सांगतलं की साडेअकरापर्यंत थांबतो, मंग मले जे दिसन तेच लेहीन. मी खिडकीतून रस्त्याकडं पायत होती आन् मनात म्हणत होती, विमल, सहा वर्सं नुसत्या ओळी मांडल्या तू.

आता तिकडचं ऐक, हे मले मांगून समजलं. दहाले पूनमसिंग राळेगावच्या जिनिंगपुढं रांगेत होता, ट्रॅक्टर आन् कापसाची ट्रॉली घेऊन. त्याच्या खिशात घंटी वाजली. त्याच रांगेत आपल्या गावचे आन् तांड्यावरचे आणखी तिघं, त्याइच्या बी खिशात वाजली. चार फोन एकाच टायमाले. रांगेतले लोक हासले. कोणीतरी म्हटलं वाच ना बापा, काय आलं. पूनमसिंगनं मोठ्यानं वाचलं, पार शेवटच्या ओळीपर्यंत. "ज्याच्या हाती हे पडन त्यानं बाईले आणून पोचवावं." मंग हासणं बंद झालं म्हणते. त्याले माहीत होतं सोनीबाई कुठं हाय. त्यानं ट्रॉली सोडली, रांगेतच ठेवली, आन् नुसतं ट्रॅक्टरचं मुंडकं घेऊन निंघाला. तांड्यावरच्या बाबूसिंगनं त्याचा नंबर धरला, बाकीच्या दोघाइनं ट्रॉलीवर ताडपत्री टाकली.

अकरा वीसले मले ट्रॅक्टरचा आवाज आला. मी बाहेर आली त पूनमसिंग चालवून राह्यला आन् मडगार्डावर, मांगं, पुढं, जागा भेटन तिथं सहा बाया. पोटाले कापसाच्या ओट्या तशाच बांधलेल्या. सोडाले टाइमच नाई भेटला. सोनीबाई उतरली त तिच्या ओटीतून कापूस सांडत आला पार समाजमंदिराच्या पायरीपर्यंत. तिनं सरळ पत्रकापाशी जाऊन विचारलं,

"सही कुठं कराची?"

सरानं मोजलं. मंग आणखी एकदा मोजलं. आन् म्हटलं, "अकरापैकी अकरा."

मी रडली, पोरी. सांगाले लाज नाई. सहा जणी ओट्या बांधूनच बसल्या, खोलीभर कापूस, आन् जागेचा ठराव एका मतानं पास झाला. बाहेर पूनमसिंग ट्रॅक्टरवर बसून होता. मी त्याले चहा घेऊन गेली, म्हटलं बापा तुहा नंबर जाईन, काहून आला तू? तो म्हणते,

"विमलताई, दवंडी आलती. पोचवाच लागते."

पाणी दुपारून आलं, पण थोडंच. उत्तमसिंगचा राह्यलेला कापूस मंग आम्ही अकराही जणींनी मिळून येचला. मशीन संक्रांतीनंतर येते. तुहे काका आज सोताहून म्हणाले, वरणाले फोडणी मी देतो.

तुही,
विमल काकू, सचिव

०

पुणे
१० डिसेंबर, सकाळी ७

काकू,

पत्र चार वेळा वाचलं. मधे उडी मारली नाही.

तुम्ही सगळं खरं लिहिलंत, तर मीही लिहिते. माझी नोकरी सप्टेंबरात गेली. कंपनीनं आमची आख्खी टीमच काढली. घरी सांगितलं नाही, बाबांना वाटतं मी रोज ऑफिसला जाते. रोज लॅपटॉप उघडून बसायची, अर्ज करायची, नाही म्हणून उत्तर यायचं. पाच वर्षांत मी जे जे लिहिलं त्यातलं काही कुणाच्या उपयोगी पडलं का, हेच कळेनासं झालं होतं. त्यात तुमचं पत्र आलं. आणि त्यातही मी साडेपाच तासांची चूक केली. म्हणून तशी काकुळतीला आले होते.

मागच्या आठवड्यात एका मुलाखतीत विचारलं, शेवटचं काम कोणतं केलं. मी मोठ्या कंपन्यांचं काही सांगितलं नाही. अकरा बायकांची फाइल सांगितली, आणि फोन कुणाच्या खिशात आहे हे माझ्या काकूनं घरोघर फिरून शोधलं तेही सांगितलं. त्यांनी पुन्हा बोलावलं आहे. होईल की नाही, माहीत नाही. पण काल रात्रीपासून पहिल्यांदा भीती वाटत नाही.

बाबांना एवढ्यात सांगू नका.

अपेक्षा

०

खैरखेडा
११ डिसेंबर

अपेक्षास,

मले माहीत होतं. नोकरीवाल्या माणसाले काकूच्या मेलाले उत्तर द्याले आठ दिवस लागते, तुहं दुपारी दोनलेच येत होतं. म्हणून त दरवेळी काम तुह्याकडंच धाडलं. तुले काम पाह्यजे होतं आन् मले प्रोग्राम. यात लपवासारखं काई नाई. नोकरी जाते, येते. बाबाले तू सोता सांग, तो वरडन आन् मंग भाजीपोळी घेऊन पुण्याले येईन.

धर्मपाल सरानं तुही फाइल पायली. तालुक्यात असे एकोणीस गट हाय आन् सगळ्याइची मीटिंग अशीच पडते. कळंबच्या बायाइनं बी विचारलं. मी सांगतलं, लेहाचं कसं ते मी शिकवीन, पण प्रोग्रामवाली आमची पोरगी हाय, तिले विचारा.

आन् हे खाली पाय. फाइल सोबत जोडली हाय, मीच बटण दाबून काढली. वेळ मोजून पायली, लंडनची नाई.

दिनांक: 20-01-2026
वेळ: 11:00
जागा: डाळ मिल, खैरखेडा
विषय: पयली डाळ
कोण: अपेक्षा, बारावी
सूचना: अपेक्षाची मीटिंग. तिच्याविना मशीन चालू होत नाई. ज्याच्या हाती हे पडन त्यानं पोरीले आणून पोचवावं.

विमल

०

पुणे
१९ जानेवारी २०२६, रात्री ८.०५

काकू,

आत्ताच घंटी वाजली. बाबांना महिन्याभरापूर्वीच सांगितलं, ओरडले, आणि भाजीपोळी घेऊन आलेही. त्या मुलाखतीचं जमलं, एक तारखेला रुजू व्हायचं आहे.

फोन माझ्याच हातात आहे, त्यामुळे जिच्या हाती दवंडी पडली तीही मीच. रात्रीच्या यवतमाळ गाडीत बसले आहे. पोरीला आणून पोचवते.

अपेक्षा